‘करमत नाही’ या तक्रारीविषयी

ज्येष्ठ रुग्णाला तपासताना भूक, झोप आणि पोट या तीन गोष्टींची चौकशी प्रत्येक डॉक्टर करतो. गेली काही वर्षे मी त्यांत चौथ्या प्रश्नाची भर घातली आहे: “घरी करमते का?” रक्तदाब आणि साखर यांविषयी सविस्तर बोलणारे आजी-आजोबा या प्रश्नापाशी थबकतात. उत्तर बहुधा सोबत आलेली मुलगी किंवा सून देते. “एवढा मोठा टीव्ही आहे, सगळ्या वाहिन्या आहेत, मोबाइलवर हवे ते दिसते. तरी यांचे आपले एकच, करमत नाही.”

आपल्या भाषेतला हा शब्द नीट पाहण्यासारखा आहे. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये साप्ताहिक काढले, त्याचे नाव त्यांनी ‘करमणूक’ असे ठेवले होते. करमणूक म्हणजे जिच्यामुळे करमते ती. नव्याने सासरी गेलेल्या मुलीला करमत नाही, वसतिगृहात गेलेल्या मुलाला करमत नाही. जागा, माणसे आणि वेळ यांच्याशी मन जुळलेले नाही, असा त्याचा अर्थ असतो. पाहायला काही नाही, अशी ती तक्रार नसते. म्हणूनच घरात करमणुकीची साधने वाढली आणि करमेनासे झाले, या दोन गोष्टी एकाच छपराखाली सुखाने नांदू शकतात.

या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार केवळ डॉक्टर म्हणून नाही. मी स्वतः व्हिडिओ गेम खेळतो. पन्नाशी ओलांडलेला, डोक्यावर पांढरे केस असलेला फॅमिली डॉक्टर रात्री जेवणानंतर पाऊण तास मोटारींच्या शर्यती खेळतो, याचे काहींना हसू येते. ते येऊ द्यावे. इंटर्नशिपच्या रात्रपाळीत हातात मावणाऱ्या ‘ब्रिक गेम’वर विटा रचण्यापासून ही आवड सुरू झाली. त्या विटांचा मूळ खेळ ‘टेट्रिस’. तो अलेक्सी पाजित्नोव या संगणकतज्ज्ञाने १९८४ मध्ये मॉस्कोत तयार केला. चाळीस वर्षे उलटली तरी तो खेळला जातो, कारण त्याचा नियम लहान मुलालाही मिनिटभरात कळतो आणि तो कधीच पुरा हातात येत नाही.

माझ्या पिढीने करमणूक प्रथम भाड्याने अनुभवली, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आले, पण ते घरोघरी पोहोचायला काळ गेला. त्यामुळे एका रात्रीसाठी रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा, सोबत तीन चित्रपटांच्या कॅसेटी घ्यायच्या, वर्गणी काढायची आणि शेजारपाजाऱ्यांसह पहाटेपर्यंत पाहत बसायचे, असा रिवाज होता. पुढे व्हिडिओ गेमही तसेच आले. दुकानात तासाच्या भाड्याने बसून खेळायचे, किंवा खेळाची कॅसेट एका दिवसाच्या बोलीवर घरी आणायची. त्याही आधीपासून वाचनालय होतेच. पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे. पुस्तकाला चिकटवलेल्या कागदावर परतीची तारीख असायची. ती उलटली की दंड.

अमेरिकेत हाच व्यवसाय फार मोठा झाला. ‘ब्लॉकबस्टर’ या साखळीचे पहिले दुकान १९८५ मध्ये डलासला निघाले आणि पुढे चित्रपटांबरोबर गेमही भाड्याने मिळू लागले. ‘निन्टेंडो’ या जपानी कंपनीला ते मुळीच रुचले नाही. खेळ दोन दिवसांत खेळून परत केला, तर तो विकत कोण घेणार? १९८९ मध्ये हा वाद न्यायालयात गेला. निमित्त होते भाड्याच्या खेळांसोबत दिल्या जाणाऱ्या माहितीपुस्तिकांच्या छायाप्रतींचे. १९९० मध्ये अमेरिकेने संगणकीय सॉफ्टवेअर भाड्याने देण्यावर निर्बंध आणले, पण गेमच्या कॅसेटींना त्यातून वगळले. १९९८ पासून टपालाने डीव्हीडी भाड्याने पाठवणाऱ्या ‘नेटफ्लिक्स’ने २००७ मध्ये इंटरनेटवरून चित्रपट दाखवायला सुरुवात केली, २०१६ मध्ये ती सेवा भारतात आली आणि २०२३ मध्ये कंपनीने टपालाची शाखा कायमची बंद केली. गेमचेही तसेच झाले. महिन्याची वर्गणी भरली की शेकडो खेळ खुले.

एक खेळाडू म्हणून मला या बदलाचा आनंद आहे. पण डॉक्टर म्हणून त्यात एक उणीव दिसते. पैसे आपण आजही भाड्याचेच भरतो, कारण वर्गणी थांबली की सारे बंद होते. मात्र जुन्या भाड्यासोबत येणाऱ्या दोन गोष्टी गळून पडल्या आहेत. पहिली गोष्ट परत करण्याची वेळ, आणि दुसरी सोबत. कॅसेट सकाळी परत करायची असल्यामुळे ती रात्रीच पाहावी लागे. आणि भाडे एकट्याला परवडत नसल्यामुळे चार जण जमत. आज परत काहीच करायचे नाही, म्हणून संपतही काही नाही. प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र पडदा आहे, म्हणून जमण्याचे कारणही उरलेले नाही. निरोगी तरुण माणूस यातून वाट काढतो, कारण त्याचा दिवस नोकरी, प्रवास आणि मित्र यांनी आखलेला असतो. ज्याचा दिवस कोणीच आखून दिलेला नाही, त्या निवृत्त, आजारी किंवा एकाकी माणसापुढे हा न संपणारा पडदा ठेवला, तर सकाळ, दुपार आणि संध्याकाळ यांतला फरकच पुसला जातो.

एका रुग्णाची हकिगत सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. एसटीत वाहक म्हणून आयुष्य काढलेले हे काका. वय एकाहत्तर. पक्षाघाताने डावी बाजू कमकुवत झाली. जीव वाचला, आधाराने चालूही लागले, पण हाताचे व्यायाम करायला तयार नव्हते. उजव्या हाताने डाव्याची बोटे गुंफून दोन्ही हात पुढे नेण्याचा साधा व्यायाम फिजिओथेरपिस्टने शिकवला होता. तो दोन वेळा करून तिसऱ्यांदा ते मान फिरवत. सकाळी सहाला टीव्ही सुरू होई आणि रात्री अकराला सून तो बंद करी. मी एकदा घरी गेलो असता मालिका चालू होती. “काय चालले आहे हिच्यात?” असे विचारले, तर काकांना सांगता आले नाही. ते टीव्ही पाहत नव्हते. त्याच्यासमोर नुसते बसून होते. सुनेची अवस्था त्याहून बिकट होती. आवाज दिवसभर कानावर आदळत होता आणि टीव्ही बंद केला की काका चिडत.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांचा नातू पुण्याहून चार दिवसांसाठी गेमचे यंत्र भाड्याने घेऊन आला. त्यात हात हलवून पडद्यावरचा चेंडू सोडायचा आणि समोरच्या बाटल्यांसारख्या लाकडी खुंट्या पाडायच्या, असा बोलिंगचा खेळ होता. पहिल्या दिवशी काका नुसते पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी नातवाने नियंत्रक त्यांच्या हातात दिला, मनगटाला पट्टा बांधला आणि खुर्चीवर बसूनच खेळायला सांगितले. एका हाताने नेम बसेना, म्हणून काकांनी आपण होऊन डावा हात उजव्यात गुंफला. सुनेने मला सांगितले, “डॉक्टर, जो व्यायाम तीनदा करत नव्हते, तो त्यांनी चाळीसदा केला, आणि नातवावर डाव काढला म्हणून वर भांडले.”

रविवारी यंत्र परत गेले. मंगळवारी काकांनी सुनेला विचारले, “ते पुन्हा कधी आणणार?”

हे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटले. आजारपणानंतर सात महिन्यांत त्यांनी भविष्यकाळाविषयी विचारलेला तो पहिला प्रश्न होता. टीव्ही कधीच जात नव्हता, म्हणून त्याची वाट पाहण्याचा प्रश्नच नव्हता. जी गोष्ट परत जाते, तिचीच वाट पाहता येते, आणि वाट पाहणाऱ्या माणसाला आज कोणता वार आहे हे लक्षात ठेवावे लागते. पुढचे श्रेय त्या सुनेचे. तिने ओसरीत पाण्याच्या सहा रिकाम्या बाटल्या मांडल्या, रबरी चेंडू आणला आणि संध्याकाळी पाच ते साडेपाच ही वेळ ठरवली. शेजारचे एक निवृत्त तलाठी रोज खेळायला येऊ लागले. यंत्र नातवाच्या सुट्टीत येते आणि जाते. काकांचा डावा हात पूर्ववत झालेला नाही, आणि तो होईल असे आश्वासन मी कोणालाही देणार नाही. पण सकाळचा टीव्ही आता दहानंतर लागतो आणि पाचच्या सुमारास काका स्वतः घड्याळाकडे पाहतात.

खेळ हे औषध आहे, असा निष्कर्ष यातून काढू नये. ‘मेंदूचे व्यायाम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या खेळांबाबत तर विशेष सावध राहावे. ‘लुमॉसिटी’ हा असाच एक कार्यक्रम. वयोमानाने होणारा विसराळूपणा त्यामुळे टळतो, अशा प्रकारच्या जाहिरातींना पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने केला, आणि २०१६ मध्ये कंपनीला वीस लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवावे लागले. दुसऱ्या बाजूला, २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात कॅलिफोर्नियातील संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. साठ ते पंच्याऐंशी वयाच्या व्यक्तींना खास तयार केलेला मोटार चालवण्याचा खेळ महिनाभरात एकूण बारा तास खेळायला दिला, तेव्हा एकाच वेळी दोन गोष्टींकडे लक्ष देण्याची त्यांची क्षमता सुधारली आणि सहा महिन्यांनंतरही ती सुधारणा टिकून होती. म्हणजे योग्य खेळाने काही साधते. पण कोणताही खेळ स्मृतिभ्रंश टाळतो, असे सिद्ध झालेले नाही. वय मात्र आड येत नाही, हे निश्चित. जपानच्या हामाको मोरी यांचा जन्म १९३० चा. पन्नाशीनंतर त्या व्हिडिओ गेम खेळू लागल्या आणि २०२० मध्ये, नव्वदाव्या वर्षी, सर्वांत वयोवृद्ध गेमिंग यूट्यूबर म्हणून त्यांची गिनीज विक्रमात नोंद झाली.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. रुग्णाची खाट, चाकाची खुर्ची किंवा ऑक्सिजनचे यंत्र आपण भाड्याने आणतो, कारण गरज किती दिवसांची हे ठाऊक नसते. करमणुकीच्या साधनांनाही तोच न्याय लावावा. आजोबांना आवडेल या भरवशावर महागडे यंत्र घेऊन त्यावर धूळ साचू देण्यापेक्षा, जिथे सोय आहे तिथे ते चार दिवस भाड्याने आणून पाहावे. आणताना अनामत किती, मोडतोड झाल्यास काय आणि परतीची वेळ कोणती, हे लिहून घ्यावे. ज्या गावात अशी सोय नाही, तिथे कॅरम, पत्ते, सोंगट्या आणि पाण्याच्या बाटल्या आहेत. वाचनालयाचे सभासदत्व हे आजही घरबसल्या करमणुकीचे सर्वांत स्वस्त भाडे आहे, आणि पुस्तक बदलायला जाण्याच्या निमित्ताने चालणेही होते.

वर्गण्यांचा हिशेब महिन्यातून एकदा कोणीतरी घ्यावा. अनेक घरांत तीन-चार सेवांचे पैसे आपोआप कापले जातात आणि पाहिली जाते एकच. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून अशी वर्गणी आपोआप वळती होण्याआधी किमान चोवीस तास ग्राहकाला सूचना मिळाली पाहिजे. तो संदेश वाचल्याशिवाय पुसून टाकू नये. यूपीआयने दिलेली परवानगी त्याच ॲपमध्ये पाहता आणि रद्द करता येते. “तुमची वर्गणी संपली आहे, ओटीपी सांगा,” असा फोन आल्यास तो ठेवून द्यावा. फसवणूक झालीच, तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे. पैसे लावून खेळायच्या मोबाइलवरील खेळांच्या वाटेला जाऊच नये.

शरीराची काळजी अशी घ्यावी. तास-तास बसून राहिल्याने पायांना सूज येते आणि काही रुग्णांत रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, म्हणून अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. मात्र रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी झटकन उठू नये. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे होतात, म्हणून दर वीस मिनिटांनी लांबवर पाहावे. टीव्हीसमोर जेवू नये, कारण किती खाल्ले याचे भान राहत नाही. मधुमेहींना तर हे विशेष लागू आहे. खेळाच्या नादात त्यांनी जेवणाची वेळ चुकवणे तितकेच घातक. झोपण्याआधी तासभर पडदा बंद असावा. उभे राहून खेळायच्या खेळांत तोल जाऊ शकतो, तेव्हा वायरी आणि चटया बाजूला कराव्यात, शेजारी भक्कम खुर्ची असावी. पूर्वी आकडी आली असल्यास लखलखणाऱ्या दृश्यांचे खेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय खेळू नयेत. आणि खेळ म्हणजे चालण्याला पर्याय नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने पासष्टीपुढच्या व्यक्तींना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचवले आहेत.

टीव्हीच्या सवयींतला बदल कधी कधी आजाराची पहिली खूण असतो, हे काळजी घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. आवाज दर महिन्याला वाढत असेल, तर कान तपासावेत. पडद्याजवळ सरकून बसणे सुरू झाले असेल, तर मोतीबिंदू पाहावा. स्मृतिभ्रंशाच्या काही रुग्णांना पडद्यावरची माणसे खरोखर खोलीत आली आहेत असे वाटते. गुन्ह्यांच्या मालिका आणि आरडाओरड्याच्या बातम्यांनी ते घाबरतात आणि संध्याकाळी अस्वस्थ होतात. त्यांना ओळखीची जुनी गाणी किंवा छोटे, संथ कार्यक्रम बरे. आणि ‘करमत नाही’ ही तक्रार दोन आठवड्यांहून अधिक टिकली, सोबत भूक किंवा झोप बिघडली, आवडीच्या गोष्टींतही मन लागेनासे झाले, तर ते नैराश्य असू शकते. त्यावर उपचार आहेत. ‘वयच झाले’ म्हणून ते सोडून देऊ नये. उलट टोकाला, खेळावर ताबाच न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही तो न थांबणे, या अवस्थेला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात २०२२ पासून स्थान मिळाले आहे. हे केवळ तरुणांनाच होते, असे समजण्याचे कारण नाही.

काळजी घेणाऱ्या भगिनींनो आणि बंधूंनो, शेवटचा शब्द तुमच्यासाठी. टीव्ही लावून दिला की तुम्हाला दोन तास उसंत मिळते, हे मला माहीत आहे, आणि त्याबद्दल मनात अपराधी वाटून घेऊ नका. तुमची विश्रांती हाही रुग्णाच्या उपचाराचाच भाग आहे. एवढेच करा: त्या दोन तासांना सुरुवात आणि शेवट द्या. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते, ती आजच बंद करा. काय पाहायचे हे रुग्णालाच निवडू द्या, मग ते तुमच्या पसंतीचे नसले तरी चालेल. दिवसातला एक अर्धा तास असा ठेवा, ज्यात त्यांचे हात काही तरी करत असतील आणि समोर दुसरे माणूस बसलेले असेल. तो अर्धा तास रोज तुम्हीच देण्याची गरज नाही. शेजारी, नातवंडे, जुने सहकारी यांना वार वाटून द्या. बोलावले तर माणसे येतात. बहुतेकांना घरी करमत नसतेच.